आयुर्वेदिक रिट्रीटमध्ये पहिल्यांदाच राहायला जाताना: बुकिंगपासून घरच्या पथ्यापर्यंत

पाच दिवसांचं पॅकेज असो की एकवीस दिवसांचं, जाहिरातीत शब्द एकच असतो: पंचकर्म. राजवाड्यातली खोली, डोंगराकडे उघडणारी बाल्कनी, पितळी धारापात्रातून कपाळावर पडणारं तेल, फोटोही सगळीकडे सारखेच. प्रत्यक्षात पाच दिवसांत जे मिळतं आणि एकवीस दिवसांत जे होतं, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांची निराशा बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. कोणी विश्रांतीसाठी जातं आणि सकाळी सहाला हातात तुपाची वाटी येते. कोणी ‘शरीरशुद्धी’ करायला जातं आणि चार दिवस मालिश करून घेऊन परत येतं.

आधी ठरवा: आराम की शोधन

आराम हवा असेल तर अभ्यंग (तेलाची मालिश), स्वेदन (वाफ घेणं), शिरोधारा (कपाळावर सोडलेली तेलाची धार), हलकं जेवण, योगासनं आणि भरपूर झोप एवढं पुरतं. त्यात कमीपणा काही नाही. थकलेल्या माणसाला बहुतेकदा हेच हवं असतं.

शोधन म्हणजे शरीरशुद्धी, मूळ पंचकर्म: वमन (औषधाने करवलेली उलटी), विरेचन (औषधाने करवलेले जुलाब), बस्ती (गुदमार्गाने दिलेला औषधी एनिमा), नस्य (नाकात औषधाचे थेंब) आणि रक्तमोक्षण (जळवा वगैरे लावून रक्त काढणं). पाचही सगळ्यांना कधीच करत नाहीत. प्रकृती, तक्रार, वय आणि ऋतू पाहून त्यातलं एखादं, फार तर दोन निवडतात. अभ्यंग आणि शिरोधारा या पाचांत येत नाहीत. अभ्यंग आणि स्वेदन ही पूर्वतयारी आहे, शिरोधारा हा स्वतंत्र उपचार. रिट्रीटच्या कार्यक्रमपत्रिकेत फक्त याच गोष्टी असतील, तर ते पंचकर्म नाही, नाव काहीही दिलेलं असो.

दिवसांचा हिशोब

विरेचनाचं उदाहरण घेऊ, कारण रिट्रीटमध्ये शोधन म्हणून तेच सर्वांत जास्त केलं जातं. आधी दीपन-पाचन, म्हणजे भूक आणि पचन सुधारणारी औषधं: २ ते ३ दिवस. मग वाढत्या मात्रेत औषधी तूप पिणं, म्हणजे स्नेहपान: ३ ते ७ दिवस, त्याहून जास्त नाही. त्यानंतर साधारण ३ दिवस अंगाला तेल आणि वाफ. मग विरेचनाचा एक दिवस. शेवटी पेजेपासून पूर्ण जेवणापर्यंत पायरीपायरीने येणं, म्हणजे संसर्जनक्रम: ३, ५ किंवा ७ दिवस. मधले आकडे धरले तरी बेरीज सोळा-सतरा दिवसांवर जाते. म्हणून चौदा दिवसांचं विरेचन जरा घाईचं असतं, एकवीस दिवसांचं निवांत, आणि सात दिवसांत कोणी ‘पूर्ण पंचकर्म’ देत असेल तर नेमकं काय वगळलंय ते विचारावं. बहुतेक ठिकाणी शेवटचे पेजेचे दिवस वगळतात, आणि त्रास नेमका त्यातूनच होतो.

बस्तीचा हिशोब वेगळा. योगबस्ती हा सर्वांत छोटा क्रम ८ बस्तींचा असतो: तेलाच्या पाच, काढ्याच्या तीन. शिवाय मागेपुढे दोन-तीन दिवस. त्यामुळे दहा-बारा दिवस हातात असतील तर बस्ती शक्य आहे. काल आणि कर्म हे मोठे क्रम अनुक्रमे १६ आणि ३० बस्तींचे. ते सुट्टीच्या हिशोबात बसत नाहीत.

ऋतूचाही विचार असतो. परंपरेनुसार वमन वसंतात, बस्ती पावसाळ्यात, विरेचन शरदात. केरळमध्ये मल्याळी पंचांगातला कर्किडकम महिना, म्हणजे साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट, उपचारांसाठी खास मानतात. हवा दमट आणि थंडावलेली असते आणि पर्यटकांची गर्दी नसल्याने खोल्यांचे दरही बऱ्याचदा खाली आलेले असतात. पावसात समुद्रकिनाऱ्यावर फिरता येत नाही म्हणून लोक हा महिना टाळतात. पण उपचार चालू असताना तुम्हाला तसंही उन्हात, वाऱ्यात फिरू देणार नाहीत.

महिलांनी बुकिंगच्या वेळीच पाळीच्या तारखेचा अंदाज सांगावा. त्या तीन-चार दिवसांत अभ्यंग, बस्ती, नस्य सहसा थांबवतात. आठ दिवसांच्या मुक्कामातले चार असे गेले तर पैसे परत मिळत नाहीत. पाळी संपल्यानंतर लगेचचा आठवडा धरणं सोयीचं.

जागा निवडताना

स्थूलमानाने तीन प्रकार आहेत. पहिला, आयुर्वेदिक रुग्णालय. केरळमधल्या कोट्टक्कलची आर्य वैद्य शाळा १९०२ पासून चालू आहे. अशा ठिकाणी वैद्यकी खणखणीत असते, पण राहणं रुग्णालयाचं असतं. दुसरा, निसर्गोपचार केंद्र. उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम १९४६ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने सुरू झाला. तिथे माती, पाणी, उपवास आणि आहार यांवर भर असतो. हे आयुर्वेद नाही, हे आधी समजून घ्यावं. तिसरा प्रकार या लेखाचा: आलिशान रिट्रीट. ऋषिकेशच्या वर नरेंद्रनगरला टिहरी गढवालच्या राजघराण्याच्या वास्तूत असलेलं आनंदा, पालक्काडजवळ कोल्लेंगोडच्या राजवाड्यातलं कळरी कोविलकम, बंगळुरूच्या वेशीवरचं सौख्य, आपल्याकडे मुळशीजवळचं आत्मंतन. या तिसऱ्या प्रकारातही काही जागा मनाने रुग्णालय असतात आणि काही मनाने हॉटेल. फोनवर चार प्रश्न विचारले की फरक कळतो.

पहिला प्रश्न: वैद्य पूर्णवेळ तिथेच राहतात का, आणि त्यांचं शिक्षण काय? बीएएमएस ही किमान पदवी. शोधन करायचं असेल तर एमडी (पंचकर्म) किंवा तशा कामाचा मोठा अनुभव असलेले वैद्य हवेत. दुसरा: रोज वैद्य तपासणार की फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी? शोधनात रोजची भेट अपरिहार्य आहे, कारण उद्याची तुपाची मात्रा आजच्या पचनावर ठरते. तिसरा: माझी तब्येत पाहून कार्यक्रम बदलाल का, की पॅकेजमध्ये छापलेलंच मिळणार? आणि चौथा: रात्री दोन वाजता चक्कर आली तर कोण येईल, जवळचं ॲलोपॅथिक रुग्णालय किती अंतरावर आहे? या प्रश्नाला चटकन उत्तर आलं नाही, तर तिथे मालिश जरूर करून घ्या, विरेचन नको.

कागदावर पाहण्यासारखं म्हणजे एनएबीएचचं, म्हणजे रुग्णालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं मानांकन. केरळमध्ये राज्याचा पर्यटन विभागही आयुर्वेद केंद्रांचं वर्गीकरण करतो. ‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘कर्करोगावर हमखास’ अशी जाहिरात दिसली तर पुढे वाचूच नका. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्याने अशा आजारांवर इलाजाचे दावे जाहिरातीत करायला बंदी आहे, आणि जो हा नियम पाळत नाही तो बाकीचेही पाळत असेलच असं नाही.

आता पैसे. चांगल्या ठिकाणी एका रात्रीचा दर सहज पाच आकडी असतो. दर विचारताना त्यात वैद्यांची भेट, रोजचे उपचार किती (एक की दोन), तिन्ही वेळचं जेवण, पोटातून घ्यायची औषधं, विमानतळावरून ने-आण यातलं काय काय धरलंय ते लेखी मागा. औषधं बऱ्याचदा वेगळी लावतात. दिवसाला ७,५०० रुपयांहून जास्त दराच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो. जाहिरातीतला आकडा बहुधा त्याआधीचा असतो. दोघं एका खोलीत राहणार असाल आणि उपचार एकालाच हवे असतील तर सोबत्याचा दर वेगळा असतो, तोही विचारा. आरोग्य विम्यावर भिस्त ठेवू नका. आयुष रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना बऱ्याच पॉलिसी संरक्षण देतात, पण स्पा, निसर्गोपचार केंद्र आणि तत्सम जागा विम्याच्या प्रमाणित अपवादांत मोडतात.

कोणी थांबावं, कोणी आधी डॉक्टरांना विचारावं

गर्भवतींनी शोधन करू नये. ताप, जुलाब, ताजी शस्त्रक्रिया, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, आटोक्यात नसलेला रक्तदाब अशा अवस्थेत तर तेल-वाफसुद्धा नको. पित्ताशयात खडे असतील तर स्नेहपानाचं नाव काढण्याआधी सोनोग्राफी दाखवा. एकदम पोटात गेलेल्या तुपाने पित्ताशय आकुंचन पावतं आणि खडा अडकून तीव्र कळ येऊ शकते. यकृताचे आजार आणि फार वाढलेले ट्रायग्लिसराइड असतील तरीही तूप पिण्याआधी वैद्य आणि डॉक्टर दोघांचं मत हवं.

खरी गफलत चालू गोळ्यांबाबत होते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत घेतलं आणि त्या दिवशी पोटात फक्त पेज गेली, तर साखर धोकादायकरीत्या उतरते. रक्तदाबाच्या गोळीसोबत लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि वर विरेचन झालं, तर पाणी आणि क्षार कमी होऊन उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जळवा लावून घेऊ नका. यावर उपाय गोळ्या आपल्या मनाने बंद करणं हा नव्हे. निघण्याच्या दोन आठवडे आधी आपल्या डॉक्टरांकडे जा, उपवासाच्या आणि विरेचनाच्या दिवशी कोणती गोळी किती घ्यायची ते कागदावर लिहून घ्या आणि तो कागद वैद्यांच्या हातात द्या. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेत असाल तर सकाळचा काढा आणि ती गोळी यांत निदान अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर ठेवायला सांगा.

ॲलर्जीबाबत एक मुद्दा हमखास राहून जातो. बहुतेक औषधी तेलांचा आधार तीळतेल असतो. तिळाची ॲलर्जी असेल तर बुकिंग करतानाच सांगा, टेबलावर झोपल्यावर नव्हे.

घरची तयारी

दहा दिवस आधीपासून चहा-कॉफी कमी करत आणा. दिवसाला चार कप असतील तर दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी. रिट्रीटमध्ये चहा एकदम बंद होतो आणि बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं. पाहुणे याला ‘विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत’ असं समजतात. ती साधी कॅफिन सुटल्याची डोकेदुखी असते आणि आठवडाभरही रेंगाळू शकते. दारू, मांसाहार आणि तळलेलंही याच काळात कमी करा. रोज भरपूर दारू घेणाऱ्याने मात्र ती अचानक बंद करू नये. हातपाय थरथरणं, क्वचित झटके येणं इथपर्यंत मजल जाते. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं.

तपासण्या तीन महिन्यांच्या आतल्या हव्यात: रक्ताची सर्वसाधारण तपासणी, साखर आणि एचबीए१सी, यकृत, मूत्रपिंड, कोलेस्टेरॉल, थायरॉइड. चाळिशीपुढे ईसीजी. स्नेहपान ठरलं असेल तर पोटाची सोनोग्राफी.

सामानात जुने सुती कपडे, गडद रंगाचे, सैल. तेलाचे डाग जात नाहीत. तळ न घसरणाऱ्या रबरी चपला, कानटोपी किंवा मोठा रुमाल, चश्मा (लेन्स लावणाऱ्यांनीही). दागिने घरी ठेवा. निघण्याच्या दोन दिवस आधीपासून पाय-पाठीला वॅक्सिंग किंवा शेव्हिंग करू नका, कोरडं चूर्ण चोळलं की आग होते.

पहिला दिवस

शक्यतो आदल्या संध्याकाळी पोहोचा. रात्रभर प्रवास करून सकाळी आलेल्या माणसाची नाडी, भूक, झोप सगळंच बिघडलेलं असतं आणि वैद्यांना चुकीचं चित्र दिसतं.

पहिली तपासणी पाऊण ते दीड तास चालते. नाडी, जीभ, डोळे, वजन, रक्तदाब, मग प्रश्न: शौचाला कधी होते, कशी होते, घाम किती येतो, झोप कोणत्या वेळी मोडते, भूक खरी लागते की घड्याळ बघून जेवता. इथे लाजू नका. शौचाच्या तक्रारीबद्दल खोटं सांगणाऱ्यांची संख्या थक्क करणारी आहे, आणि अख्खी औषधयोजना त्याच उत्तरावर उभी असते. झोपेच्या गोळ्या, तंबाखू, मानसिक आजारांची औषधं हेही सांगायचं.

तपासणी संपल्यावर तीन गोष्टी लेखी मागा: कोणते उपचार कोणत्या दिवशी, पोटातून कोणती औषधं (नाव आणि बनवणारी कंपनी), आणि काय झालं तर ताबडतोब कळवायचं. औषधांत पारा, शिसं किंवा अन्य धातू-खनिजांपासून बनवलेली रसौषधी आहेत का, हे सरळ विचारा. नको असतील तर तसं सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. गर्भधारणेचा विचार असेल तर नकोच म्हणा.

उपचारकक्षात काय होतं

अंगावर एकदा वापरून टाकायची लंगोटी किंवा कागदी चड्डी एवढंच असतं. केरळमध्ये पुरुषांचे उपचार पुरुष आणि स्त्रियांचे स्त्रिया करतात. इतरत्र बुकिंगच्या वेळीच विचारावं. अवघडल्यासारखं वाटलं तर जास्तीचं कापड मागा, देतात. मालिशीसाठी झोपायची लाकडी द्रोणी (खोलगट टेबल) कडक असते, मानेखाली किंवा गुडघ्याखाली घडी हवी असेल तर सुरुवातीलाच सांगा. पाऊण तासाने सांगून उपयोग नाही, तोवर मान आखडलेली असते.

अभ्यंग ४५ ते ६० मिनिटं, बऱ्याचदा दोघं मिळून दोन्ही बाजूंनी एका लयीत. दाब जास्त वाटला तर लगेच बोला; मालिश म्हणजे सहनशक्तीची परीक्षा नव्हे. त्यामागोमाग वाफेची पेटी, डोकं बाहेर, दहा-पंधरा मिनिटं. कपाळावर घाम आला, अंग हलकं वाटलं की पुरे. छातीत धडधड किंवा मळमळ झाली तर लगेच बाहेर यायचं. या कक्षांत सर्वांत जास्त होणारा अपघात अगदी साधा आहे: तेलकट पायांनी उतरताना घसरणं. मदतनिसाचा हात धरल्याशिवाय खाली पाय ठेवू नका.

शिरोधारेत कपाळापासून चार अंगुळांवर टांगलेल्या पात्रातून कोमट तेलाची, ताकाची किंवा काढ्याची धार ३० ते ४५ मिनिटं सोडतात. भुवयांवर कापसाची वळी ठेवतात, म्हणजे थेंब डोळ्यांत जात नाहीत. चांगल्या शिरोधारेची खूण म्हणजे धार मध्येच तुटत नाही, तेलाची ऊब बदलत नाही आणि धार एकाच जागी टोचत नाही. तेल गार झालं की सुखाऐवजी डोकं जड होतं. सर्दी, सायनस किंवा ताप असेल त्या दिवशी शिरोधारा नको. संपल्यावर टाळूला रास्नादी चूर्ण चोळतात, डोकं झाकतात. नंतर तासभर मोबाईल, वारा आणि गप्पा टाळा. झोप येईल. दिवसा झोपू नका असं वैद्य म्हणाले असतील तर नुसतं डोळे मिटून बसा.

पोटळीचे उपचार दुखऱ्या सांध्यांसाठी. साठेसाळीचा (साठ दिवसांत पिकणाऱ्या तांदळाचा) भात दूध आणि बला या वनस्पतीच्या मुळाच्या काढ्यात शिजवून, कापडात बांधून, ती गरम पोटळी अंगावर फिरवतात. पोटळी आधी त्यांनी आपल्या हातावर टेकवून पाहायला हवी. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर पायाला चटका बसल्याचं तुम्हाला कळणारच नाही, म्हणून हे आधी सांगा. कंबर किंवा गुडघ्यावर उडदाच्या पिठाचं कडं करून त्यात कोमट तेल भरतात, ती कटिबस्ती आणि जानुबस्ती. नावात बस्ती असली तरी पंचकर्मातल्या बस्तीशी त्यांचा संबंध नाही. तसंच कडं डोळ्याभोवती करून औषधी तूप भरतात, त्याला तर्पण म्हणतात. त्यानंतर दोन-तीन तास नजर धूसर राहते, तेव्हा पायऱ्या आणि ऊन दोन्ही जपून.

हुलग्यासारख्या चूर्णाचं उद्वर्तन कोरडं असतं आणि खालून वर, केसांच्या उलट दिशेने चोळतात. चोळून त्वचा सुंदर होते, वजन मात्र त्याने फारसं उतरत नाही.

आंघोळ उपचारानंतर अर्ध्या-एक तासाने, गरम पाण्याने, साबणाऐवजी मुगाच्या पिठाने. केसांतलं तेल काढायची युक्ती: डोक्यावर पाणी घेण्याआधीच, कोरड्या तेलकट केसांना शाम्पू किंवा पीठ चोळून घ्या आणि मग पाणी घाला. आधी पाणी घातलं की तेल पसरतं आणि तीन वेळा धुऊनही जात नाही.

तूप पिण्याचे दिवस

शोधन करणाऱ्यांना सर्वांत कठीण हेच वाटतं. सकाळी सहा-सातच्या सुमारास, उपाशीपोटी, पहिल्या दिवशी साधारण ३० मिली औषधी तूप. ते किती वेळात पचलं यावर दुसऱ्या दिवसाची मात्रा वाढते. तूप एका दमात घ्या, घोट घोट घेतलं की वासाने उलटी होते. वर गरम पाणी. मळमळ आली तर लिंबू चाटावं किंवा आल्याचा तुकडा चघळावा, मात्र वैद्यांना विचारून.

खरी भूक लागेपर्यंत काहीही खायचं नाही. भूक लागणं, ढेकर स्वच्छ येणं (तुपाचा वास नसलेली), तोंड आणि अंग हलकं वाटणं ही पचल्याची लक्षणं. मगच पेज किंवा मऊ भात. कधी दुपारी बारा वाजतात, कधी चार. इथे लोक दोन चुका करतात. गार पाणी पितात, आणि भूक नसताना ‘जेवणाची वेळ झाली’ म्हणून जेवतात. दोन्हींमुळे तूप पोटात रेंगाळतं, डोकं जड होतं, जिभेवर थर येतो. या दिवसांत दिवसा झोप, व्यायाम, थंड वारा, एसी आणि पोहणं बंद. म्हणजे ज्या तरणतलावाचा फोटो पाहून खोली घेतली, त्याच्याकडे आठवडाभर नुसतं बघायचं. शोधनासाठी जाणाऱ्याने तलावाचे पैसे न मोजणं शहाणपणाचं.

चार-पाच दिवसांनी शौच तेलकट होतं, त्वचा मऊ पडते, तुपाचा तिटकारा येतो. वैद्य याच खुणा शोधत असतात. तेव्हा तूप थांबवतात.

विरेचनाचा दिवस

सकाळी साधारण नऊ-दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी औषध देतात: निशोत्तराचा त्रिवृत लेह, एरंडेल किंवा तसंच काही. एक-दोन तासांत सुरू होतं. पुढे पाच-सहा तास खोली सोडायची नाही. मध्ये मध्ये कोमट पाण्याचे घोट. ग्रंथांत दहा, वीस आणि तीस वेग (शौचाच्या खेपा) असे कमी, मध्यम आणि उत्तम शुद्धीचे आकडे दिलेत, पण आकडा गाठणं हे तुमचं काम नाही. वेगांची नोंद मदतनीस ठेवतात. शेवटी नुसता कफासारखा चिकट द्रव येऊ लागला, अंग हलकं वाटलं की थांबण्याची वेळ झाली.

हे झालं तर बोलवायचं, वाट पाहायची नाही: उभं राहताच अंधारी, पायात गोळे, रक्त दिसणं, लघवी बंद होणं, न थांबणारी उलटी. तासभर वाट पाहून ‘शुद्धी होतेय’ असं स्वतःला समजावणं धोक्याचं. उलट, औषध घेऊन काहीच झालं नाही तर घाबरू नका, दुसरी मात्रा मागूही नका. बहुतेक वेळा तूप अपुरं पचलेलं असतं. वैद्य ठरवतील.

विरेचन झालेल्या दिवशी आंघोळ नाही, मोठ्याने बोलणं नाही, मोबाईल नाही. त्या रात्री भूक लागली तर पातळ पेज. दुसऱ्या दिवशीचं विमान कधीही घेऊ नका.

वमन, म्हणजे औषध देऊन करवलेली उलटी, पहिल्या मुक्कामात फारसं सुचवत नाहीत. सुचवलं तर ‘हेच का?’ असं विचारायला संकोच नको.

बस्ती आणि नस्य

तेलाची छोटी बस्ती जेवणानंतर देतात, साधारण ६० मिली. ती जितका वेळ आत राहील तितकी चांगली. काढ्याची मोठी बस्ती उपाशीपोटी आणि ती एका मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांत, बाहेर यायला हवी. खोली स्वच्छतागृहाला लागून आहे ना, ते पाहून घ्या. डाव्या कुशीवर झोपायचं, श्वास सोडत राहायचं, घट्ट आवळून धरलं की दुखतं. नस्यात नाकपुड्यांत औषधी तेलाचे थेंब घालतात. घशात उतरलेलं तेल गिळायचं नाही, थुंकायचं. नंतर गरम पाण्याने गुळण्या. त्या दिवशी डोक्यावरून आंघोळ नको.

जेवण आणि दिनक्रम

सकाळी सहाला उठणं, गरम पाणी, काढा, सातला योगासनं, आठ-साडेआठला न्याहारी. उपचार दुपारपर्यंत. मुख्य जेवण साडेबाराच्या सुमारास, रात्रीचं सातच्या आत, झोप दहाच्या आत. संध्याकाळी परत काढा. पहिले तीन दिवस जेवण फिकं वाटतं, चौथ्या दिवशी मुगाच्या कढणालाही चव येते. ताटात परत मागायला हरकत नाही, पण ‘पैसे भरलेत’ म्हणून शोधनकाळात सगळं खाऊ नका. काही ठिकाणी त्याच जेवणघरात पथ्य नसलेले पाहुणे डोसा-कॉफी घेत असतात. मन चळणारं असेल तर जेवण खोलीत मागवा. वजन पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरलं तर त्यातला मोठा भाग पाणी असतो.

मदतनिसांना बक्षिसी द्यायची असेल तर शेवटच्या दिवशी, सामाईक पेटीत. रोज हातावर ठेवली की कोणाला काय मिळालं याच्या कुरबुरी सुरू होतात.

परतल्यावर

निघताना सारांशपत्र घ्या: कोणते उपचार, किती मात्रा, शेवटचं वजन आणि रक्तदाब, घरी घ्यायची औषधं आणि ती कधी थांबवायची. हे पत्र घरच्या डॉक्टरांनाही दाखवा. गोळ्यांच्या मात्रा पूर्ववत करायच्या का, हे त्यांनीच ठरवायचं.

विरेचनानंतरचा आहारक्रम घरी पूर्ण करायचा असेल तर आधी पातळ पेज, मग घट्ट पेज, मग मुगाचं बिनफोडणीचं कढण, मग तूप-मीठ-फोडणीचं, मग वरण-भात आणि शेवटी पोळी-भाजी. एक पायरी उडी मारून ओलांडली की पोट फुगतं, मळमळतं, आणि ‘पंचकर्म मानवलं नाही’ अशी तक्रार होते. पोहोचल्या दिवशी घरच्यांनी स्वागताला श्रीखंड-पुरीचा बेत केला असेल तर तो त्यांनाच खाऊ द्या. शोधन केलेल्यांनी निदान आठवडाभर जागरण, लांबचा प्रवास, कडक ऊन, जड व्यायाम आणि दारू टाळावी. कामावर रुजू होण्याआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. फक्त आरामासाठी गेला असाल तर एवढं पथ्य लागत नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसला जा.

तेलकट कपडे गरम पाण्यात भांडी घासायच्या द्रवाने आधी चोळून मगच मशीनमध्ये टाका. पूर्ण तेल निघाल्याशिवाय ते गरम हवेच्या ड्रायरमध्ये घालू नका आणि गरम असताना ढीग करून ठेवू नका. तेल भिनलेलं कापड आतल्या आत तापतं आणि पेटतं, अशा आगी लागलेल्या आहेत. दोरीवर, उन्हात वाळवा.